मशीनची एकादशी

धनेशभियांच्या ऑफिसात रोज सकाळी दोन पूजा होत. पहिली गणपतीच्या तसबिरीची, दुसरी फळ्याची. दाराशी टांगलेल्या त्या काळ्या फळ्यावर पेंटरकडून ‘अखंड सेवा’ अशी ठसठशीत अक्षरं रंगवून घेतलेली होती आणि त्याखाली खडूने एक आकडा असे: आतल्या खोलीतलं मशीन एकदाही न थांबता किती दिवस चाललं, त्याचा. अंघोळ करून, गंध लावून धनेशभिया स्वतःच्या हाताने कालचा आकडा पुसत, आजचा लिहीत, उदबत्ती ओवाळत आणि मगच खुर्चीवर बसत. आकडा चारशेच्या पुढे गेला होता. फळ्याखाली फुलंसुद्धा पडू लागली होती.

ऑफिस बंद मिलच्या फाटकासमोर होतं. पूर्वी त्याच जागी पोहे-जिलेबीचं हॉटेल होतं आणि पाळी सुटली की तिथे पाय ठेवायला जागा नसे. मिलचा भोंगा थांबला, मागोमाग हॉटेलची कढई थंड झाली. मग देशाची दारं उघडली म्हणतात तशी ती उघडली, आणि त्या दारातून इंदूरमध्ये जे काय काय आलं त्यात इंटरनेट आलं. धनेशभियांचे (भिया म्हणजे इंदुरी बोलीतला भैया) आजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते; नातवाने कढईच्या जागी टेलिफोनच्या तारा आणल्या आणि कपडा मार्केट, सियागंज इथल्या व्यापाऱ्यांच्या ईमेलची ने-आण सुरू केली. धंद्याचा जीव त्या आतल्या खोलीतल्या एका मशीनमध्ये होता, आणि मशीनचा जीव शलाकाच्या हातात.

शलाका नानांची मुलगी. नाना म्हणजे त्याच मिलमध्ये बुनाई खात्यात जॉबर होते. एका रांगेतले सगळे साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळायचे. मिल गेली तेव्हा शलाका कॉलेजात होती. पुढे ती कॉम्प्युटर शिकली, आणि या मशीनवर लिनक्स, म्हणजे मशीनला चालवणारी प्रणाली, बसवली तिनेच. ही लिनक्स कुणा एका शेठजीच्या मालकीची नाही, जगभरची माणसं मिळून ती लिहितात, कुठे काही बिघडलं तर दुरुस्त करून सगळ्यांना वाटतात, हे तिने नानांना समजावलं तेव्हा नाना खुशीने म्हणाले होते, “म्हणजे कीर्तनच की. बुवा ओळ टाकतो, मागचे उचलतात. कुणाचा सूर घसरला तर शेजारचा सावरून घेतो, त्याचं बिल नाही लावत.”

त्या दुरुस्त्यांना शलाका रफू म्हणे. कापडाच्या घरातली मुलगी, दुसरं काय म्हणणार. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून रोज चार-दोन रफू येत: कुठे आकडा चुकत होता, कुठे एखादं दार नीट लागत नव्हतं. ती ते वाचून, पारखून ठेवी आणि एकादशीला दुपारी मशीनला लावी. एकादशीच का, तर त्या दिवशी तिचा स्वतःचा उपास, जेवणाची सुट्टी मोकळी. आणि शिवाय तिचं म्हणणं, पोटाला जशी विश्रांती लागते तशी मशीनलाही लागते. त्या दिवशी नवं काही आत घालायचं नाही, फक्त साफसूफ. ऑफिसातले सगळे हसत, ‘आज मशीनची एकादशी’ म्हणत. धनेशभियाही हसत, कारण या बारीकसारीक रफूंना मशीन थांबवावं लागत नसे. फळा सुखरूप राही.

त्या गुरुवारी मात्र वेगळं रफू आलं.

शलाकाने मजकूर दोनदा वाचला. भोक मशीनच्या गाभ्यातच होतं. ज्याचं या मशीनवर साधं खातं आहे, असा कुणीही त्या भोकातून शिरून पूर्ण मशीनचा धनी होऊ शकत होता. आणि खाती तर अर्ध्या बाजाराची होती. रफू आलं होतं, पण गाभा बदलायचा तर मशीन एकदा थांबवून पुन्हा सुरू करणं भाग होतं.

ती केबिनमध्ये गेली. धनेशभिया खुशीत होते. सोमवारी मुंबईहून दोन माणसं यायची होती, कंपनीत पैसा घालायला. त्यांना दाखवायला म्हणून फळ्याला नवीन लाकडी चौकट लावून घेणं चाललं होतं. शलाकाने सांगितलेलं त्यांनी कानावर घेतलं आणि मान हलवली.

“धनेशभिया, असं बघा,” ती म्हणाली, “तुमच्या घरी हळदीकुंकवाला आलेली बाई वाण घेऊन जायच्या ऐवजी सरळ तिजोरीची मालकीण होऊन बसेल, एवढं मोठं भोक आहे.”

“अगं, इंदूरचा माणूस चोरून चोरून काय चोरेल? फार तर शेव. ये हैकर-वैकर अपने यहां नहीं होते.”

तिने पुन्हा समजावलं. ही दुरुस्ती उघड्यावर होते, हीच तिची खूबी. पण त्यामुळे भोक कुठे आहे तेही आता जगजाहीर झालेलं. रफू वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक झालं. आता घाई त्यांनी करायची का आपण, एवढाच सवाल. भियांनी ते ऐकलं, पण नजर चौकट ठोकणाऱ्या सुताराकडे.

“सोमवारनंतर काय पाहिजे ते कर. चाहे तो उसको शिप्रा में नहला ला. पण तोपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. चारशेवर दिवस झालेत, शलाका. लोक दर्शनाला येतात.”

शलाका संध्याकाळी घरी आली ती धुसफुसत. बडा गणपतीजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत नाना टोपी घालून तयारच बसले होते. मागच्या विठ्ठलमंदिरात नामसप्ताह चालू होता आणि आज आनंदीबाईंचं कीर्तन. आनंदीबाईंचं कीर्तन म्हटलं की या बाप-लेकींच्या घरात भांडणसुद्धा पुढे ढकललं जाई. रस्त्याने जाता जाता तिने सगळं सांगितलं. नानांनी मिलची गोष्ट काढली.

मिलमध्ये रविवारी साचे थांबत. मग रुई झाडायची, तेल द्यायचं, ढिलं झालेलं कसायचं. पुढे एक नवे मॅनेजर आले. त्यांनी फाटकावर बोर्ड लावला, उत्पादनाचा, आणि रविवार बंद केला. बोर्डावरचा आकडा चढत गेला. नानांनी सांगून पाहिलं, मग सांगायचं सोडलं.

“मिल त्याने नाही बुडाली,” नाना म्हणाले. “मिल वरून बुडाली, मोठ्या माणसांनी बुडवली. पण माझे साचे तेलावाचून मेले बाई. बोर्ड मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चकाचक.”

मंदिरात पूर्वरंग सुरू झाला होता. पिकलेल्या केसांच्या आनंदीबाई उभ्या होत्या, पदर खोचून, हातात चिपळ्या. पेटीने सूर धरला होता, तबला त्यांच्या पावलांबरोबर चालत होता आणि त्यांचा आवाज, काय सांगावं, उसाच्या ताज्या रसात आलं पिळावं तसा गोड आणि झणझणीत. देव भक्ताच्या घरी राबतो तो कशासाठी, यावर त्या रंगल्या होत्या. “राबणाऱ्याला देव म्हणतात आणि राबवून घेणाऱ्याला साहेब,” असं म्हणून त्यांनी सभामंडप हसवला आणि हसणं विरायच्या आत नामाचा गजर उचलला. शलाकाच्या अंगातला सगळा कडवटपणा त्या गजरात विरघळायला लागला.

आणि तेवढ्यात कोपऱ्यात विणेकरी बदलला. सप्ताहभर वीणा अखंड वाजली पाहिजे, ती जमिनीला टेकता कामा नये, हा नेम. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून. दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि याच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात जाते. तार क्षणभरही गप्प होत नाही. शलाकाने हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण आज पाहताना तिला एक जुनी दुपार आठवली.

भोंगा थांबला त्या वर्षीचा सप्ताह. वीणा नानांच्या गळ्यात. त्यांच्यानंतरचा विणेकरीही मिलचाच, आणि त्याच्या नंतरचाही. फाटकाला कुलूप लागल्याची खबर आली तशी सगळी पुरुषमाणसं तिकडे धावली. नाना एकटे उभे राहिले. वेळ सरली, पाय कापायला लागले, घसा कोरडा पडला, पण वीणा ठेवायची कुठे? मंदिराचे विश्वस्त भिंतीशी बसून बघत होते. तेव्हा आनंदीबाई पुढे झाल्या. बाईमाणसाच्या गळ्यात वीणा जात नाही, असं विश्वस्त म्हणाले. आनंदीबाईंनी आवाजही चढवला नाही. “मग तुम्ही घ्या. नाहीतर वाट द्या,” एवढंच म्हणाल्या. विश्वस्तांची कंबर दुखत होती. आनंदीबाईंनी वीणा घेतली, आणि दिवे लागेपर्यंत उभ्या राहिल्या.

कीर्तन संपल्यावर शलाका त्यांच्या पाया पडली. बाईंनी तिच्या कपाळाला बुक्का लावला आणि तोंड का उतरलंय विचारलं. मशीन, गाभा, भोक हे त्यांना काय सांगणार. तिने फळ्याचं सांगितलं. आमचे भिया मशीन थांबू देत नाहीत, अखंड म्हणतात.

“अखंड काय असतं गं?” आनंदीबाई म्हणाल्या. “वीणा का विणेकरी? विणेकरी अखंड उभा राहिला तर पडेल, आणि वीणा घेऊन पडेल. तुझ्या बापाला विचार, त्याचे गुडघे अजून सांगतात.”

नाना गुडघ्यांवर हात फिरवत हसले. शलाका मात्र हसली नाही. तिला वाट दिसली होती.

ऑफिसच्या माळ्यावर एक जुनं मशीन पडलं होतं, पूर्वी हिशेबाला वापरलेलं. शुक्रवारी तिने ते उतरवून धुळीतून काढलं. कुणी विचारलं तर खरं ते सांगितलं: उद्या एकादशी आहे, मशीन बदलणार. वीणा घेणाऱ्याने आधी अंघोळ करायची असते, म्हणून पहिल्यांदा त्या जुन्याच मशीनवर लिनक्स बसवली, नवा गाभा घातला, सगळी रफू लावली. मग चालू मशीनवरची खाती, पत्रं, पत्ते एकेक करून त्याच्याकडे पाठवायला लावली. संध्याकाळपर्यंत दोन्ही मशीनं शेजारी शेजारी घुमत होती.

शनिवारी दुपारी ती केबिनच्या दारात उभी राहिली. “भिया, आता मी काम दुसऱ्या मशीनवर नेतेय, आणि हे थांबवून रफू लावतेय. बाजाराची पत्रं थांबणार नाहीत. फळ्यावरचा आकडा मात्र जाईल. सांगायला आलेय, विचारायला नाही.”

धनेशभिया उठून खोलीच्या दाराशी आले. इतका वेळ तोंडावर असलेलं हसू गेलं. आणि तिच्या नावाला ‘जी’ लागलं, तेव्हाच सगळ्या ऑफिसने माना खाली घातल्या.

“शलाकाजी, थांबवलंत तर नौकरी गई समझो.”

“समजले,” शलाका म्हणाली. “दारातून थोडे बाजूला व्हा. वाट द्या.”

ती ओळ कुठून आली ते तिलाच माहीत. भिया बाजूला झाले. का झाले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. तिने मनातल्या मनात रामकृष्णहरी म्हटलं, बाजाराची पत्रं ज्या पत्त्यावर येत तो मशीनचा पत्ता इकडून काढला, तिकडे लावला. जुन्या मशीनचा दिवा लुकलुकायला लागला: पत्रं येत होती, जात होती. मग तिने चारशे दिवसांचं ते मशीन थांबवलं. त्याचा पंखा हळूहळू निजला. खोलीत आता एकट्या जुन्या मशीनची घरघर उरली.

धनेशभिया फोनशेजारी बसून राहिले, रिसीव्हरवर हात ठेवून. सगळा बाजार आता बोंब ठोकणार, याची त्यांना खात्री होती. फोन वाजला. कपडा मार्केटचे एक शेठ होते. भियांनी ऐकलं, डोळे मिटले आणि रिसीव्हर शलाकाच्या हातात दिला.

शेठजी हसत होते. पत्रं बरोबर येताहेत म्हणाले, पण प्रत्येकावर तारीख जानेवारी एकोणीसशे ऐंशीची. “बेटा, ये कौन से जमाने की डाक भेज रही हो? तब तो मिल चालू थी.”

शलाकाने कपाळावर हात मारला. माळ्यावर पडून पडून जुन्या मशीनच्या घड्याळाची बॅटरी मेलेली. चालू केलं तसं ते आपलं जुनं वर्ष धरून बसलं होतं. विणेकऱ्याला अंघोळ घातली, पण कुठला दिवस आहे ते सांगायचं राहिलं. तिने शेठजींची माफी मागितली, चूक आपलीच म्हणून सांगितलं आणि घड्याळ लावलं. तेवढ्या वेळात गेलेली पत्रं मात्र तशीच राहिली. मिल चालू असतानाच्या तारखेची पंधरा-वीस पत्रं त्या दिवशी इंदूरच्या बाजारात फिरली. संध्याकाळी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, एखादं मला पाठवायचं होतंस.

मोठ्या मशीनला रफू लागलं, ते पुन्हा उभं राहिलं, काम पुन्हा त्याच्याकडे आलं. जाताना शलाकाने ओल्या फडक्याने फळ्यावरचा आकडा पुसला आणि शून्य लिहिलं.

सोमवारी ती आली तेव्हा फळ्यावर पुन्हा चारशेचा आकडा होता, नव्या चौकटीत, झेंडूच्या हारासकट. ती उभी राहिली. तिने हार बाजूला केला, आकडा पुसला, दोन लिहिलं, हार होता तसा लावला. धनेशभिया काचेतून बघत होते. ते बाहेर आले आणि अगदी हळू म्हणाले, एका दिवसाचा तर सवाल आहे, मेहमान गेले की तुला हवं ते लिही.

“भिया, त्या माणसांनी मशीनला विचारलं तर मशीन दोनच सांगेल,” शलाका म्हणाली. “मशीनला खोटं बोलायला मी शिकवणार नाही. आणि तुम्ही कपाळाला गंध लावून या फळ्याला उदबत्ती ओवाळता. देवासमोर खोटा आकडा कसा चालतो तुम्हाला?”

वेळच राहिला नाही. मुंबईची माणसं दारात होती. त्यांनी फळा पाहिला, दोन वाचलं, एकमेकांकडे पाहिलं. शलाकाने विचारायच्या आतच सांगितलं: मशीन परवा थांबवलं, भोक होतं ते बुजवलं, पत्रं थांबली नाहीत. त्यातला एक जण ‘अच्छा’ म्हणाला. दुसऱ्याने पोहे मागितले. दोघांनी पोहे खाल्ले, शेवेची तारीफ केली, कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांचं कळवणं कधीच आलं नाही. ते दोनमुळे, की मुळातच यायचं नव्हतं, देव जाणे. भोक राहिलं असतं तर काय झालं असतं, तेही देवच जाणे. बुजवलेल्या भोकातून काय गेलं नाही, ते कुणाला दाखवता येत नाही. रफूवाल्याचं हे जुनंच दुःख आहे.

दुसऱ्या दिवशी धनेशभियांनी तिला बोलावून सांगितलं की आता पुरे, चावी ठेव आणि जा.

शलाकाने चावी काढली. टेबलावर ठेवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. खोलीतलं मशीन घुमत होतं. सकाळीच दोन नवीन रफू आली होती.

“कुणाकडे देऊ?” तिने विचारलं.

“टेबलावर ठेव.”

“ही टेबलावर ठेवता येत नाही, भिया. माणसाच्या हातात देते. घेणारा आणा, मी त्याच्या पाया पडून देईन आणि जाईन. तोवर जाणार नाही. पगार द्यायचा नसेल तर देऊ नका.”

भिया चिडले. मग म्हणाले, ठीक आहे, शहरात कॉम्प्युटरवाल्यांची कमी नाही. आणि खरंच नव्हती. इंदूरजवळच्या राऊच्या कॉलेजातून शिकून आलेली मुलं एकेक करून यायला लागली, हुशार, भराभर इंग्रजी बोलणारी. भिया त्यांना शलाकापुढे बसवत, कारण मशीनचं काम विचारायला दुसरं होतं कोण. ती चहा मागवी आणि एकच विचारी: मालक नको म्हणाले आणि मशीनला थांबवायची गरज असली, तर काय कराल? एक म्हणाला, मेल टाकून परवानगी मागेन. एक म्हणाला, सर म्हणतील तसं. एकाने तर फळ्याकडे बघून आकडा वाढवायची युक्तीच सांगितली. शलाका प्रत्येकाला चहा पूर्ण प्यायला लावी आणि रस्त्यापर्यंत पोचवून येई.

“असं तर कोणीच येणार नाही,” भिया एकदा करवादले.

“येईल,” ती म्हणाली. “आणि आला की तुमच्याशी भांडेल. त्यावरूनच ओळखू आपण.”

महिना पालटला. पगार झाला तेव्हा तिचंही पाकीट होतं. पुन्हा एकादशी आली. या वेळीही एक रफू गाभ्यातलं होतं. दुपारी शलाका केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सांगितलं की थांबवतेय. भिया वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते, ते तसेच बसून राहिले. ती खोलीत आली तर मशीनशेजारी स्टुलावर साबूदाण्याच्या खिचडीचा पुडा होता, गरम, वर लिंबू ठेवलेलं.

तिने काम जुन्या मशीनकडे नेलं. घड्याळ आधी पाहिलं. मग मोठं मशीन थांबवलं, आणि पंखा निजला तेव्हा पुडा सोडला.

खाऊन, हात धुऊन बाहेर आली तेव्हा धनेशभिया फळ्यासमोर उभे होते, हातात ओलं फडकं. त्यांनी आकडा पुसला होता. खडू तिच्यापुढे धरून ते म्हणाले, “शून्य तूच लिही. माझा हात नाही उठत.”

शलाकाने खडू घेतला आणि चांगलं मोठं, गोल शून्य काढलं.